हरणाऱ्या संघात बघायचं काय?

पत्र

२०२१ च्या ऑगस्टमध्ये मी एम.एस. करायला शिकागोला गेलो. इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या कॅम्पसवरून महामार्गाचा पूल ओलांडला की समोर व्हाइट सॉक्स या बेसबॉल संघाचं मैदान. त्या मोसमात संघ ९३ सामने जिंकून विभागात पहिला आला आणि मी बेसबॉलच्या नादी लागलो. पुढचे आकडे तुम्हाला ठाऊक आहेत : ८१ विजय, मग ६१, मग ४१, गेल्या वर्षी ६०. आता पुण्यात नोकरी करतो आणि पहाटे पाचला उठून सामने बघतो. बायको म्हणते, हरणारच आहेत तर तुझी झोप तरी होऊ दे. क्लब म्हणतो, रीबिल्ड (तरुण खेळाडू घेऊन संघाची नव्याने बांधणी) चालू आहे, धीर धरा. पण हेच म्हणे त्यांनी २०१६ मध्येही सांगितलं होतं. २०२६ च्या मोसमासाठी जपानहून मुराकामी आलाय, ड्राफ्टमध्ये (नवे खेळाडू क्रमाने निवडण्याच्या पद्धतीत) पहिला नंबर मिळालाय, कोल्सन मॉन्टगोमेरी आहे. आशा धरू की नको? किती विजय झाले म्हणजे बरं चाललंय म्हणायचं? आणि खरंच काही बदलतंय की पुन्हा तेच, हे ओळखायचं कसं?

— एक वाचक, पुणे

उत्तर

आशा जरूर धरा, फक्त ती विजयांच्या आकड्यावर टांगू नका. या टप्प्यावरच्या संघाबद्दल तो आकडा सगळ्यात कमी सांगतो.

२०२४ मध्ये ४१ विजय आणि १२१ पराभव झाले. १९०० नंतर एका मोसमात इतके पराभव कुठल्याच संघाच्या वाट्याला आले नव्हते. २०२५ मध्ये ६० विजय, १०२ पराभव. दोन्ही वर्षं शंभरीपलीकडची, म्हणून वर्तमानपत्रांनी दोन्हीला एकाच दावणीला बांधलं. पण धावांकडे बघा. २०२४ मध्ये संघाने ५०७ धावा केल्या आणि ८१३ दिल्या. तूट ३०६ ची. गेल्या वर्षी हीच तूट शंभराच्या आत आली. एका वर्षात दोनशे धावांचा फरक पडणं ही मोठी गोष्ट आहे, आणि ती ६० या आकड्यात दिसत नाही.

हा हिशेब तुम्ही घरी करू शकता. केलेल्या धावांचा वर्ग घ्या. त्याला केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांच्या बेरजेने भागा, आणि १६२ ने, म्हणजे मोसमातल्या सामन्यांच्या संख्येने, गुणा. त्या धावांवर साधारण किती विजय मिळायला हवे होते, ते कळतं. २०२४ चे आकडे घातले की ४५ येतात, म्हणजे तो संघ खरोखरच तितका वाईट होता. गेल्या वर्षीचं उत्तर मात्र सत्तरच्या आसपास येतं, आणि प्रत्यक्षात विजय ६०. मधले दहा गेले ते एका धावेने निकाल लागलेल्या सामन्यांत. असे जितके सामने संघ जिंकला, त्याच्या दुपटीहून जास्त हरला. यात काही वाटा नशिबाचा असतो, तो सहसा पुढच्या वर्षी आपोआप सरळ होतो. काही वाटा आठव्या-नवव्या इनिंगमध्ये आघाडी न टिकवणाऱ्या बुलपेनचा, म्हणजे नंतर येणाऱ्या पिचरांचा (गोलंदाजांचा), असतो, तो आपोआप सरळ होत नाही.

म्हणून यंदा ७० विजय झाले तर लगेच पेढे वाटू नका. दहा विजयांची उडी वाटेल, पण संघ जागच्या जागीच असेल, फक्त निकाल धावांच्या हिशेबाशी जुळले असतील. खरी प्रगती म्हणजे धावांची तूट पन्नासच्या आत येणं. बेसबॉलमध्ये दहा धावा म्हणजे ढोबळमानाने एक विजय. ८१ ही बरोबरीची रेघ धरली तर उणे पन्नास म्हणजे ७६ विजयांच्या आसपासचा संघ. मेअखेर साठच्या आसपास सामने झालेले असतील, तेव्हा एकदा हे गणित करा, मग जुलैअखेर करा. रोज करू नका. एखाद्या सामन्यात चौदा धावा दिल्या की आठवडाभराचं चित्र बिघडतं आणि उगाच जिवाला घोर लागतो.

प्लेऑफची अपेक्षा यंदा ठेवू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. विभाग काही फार बलवान नाही. गेल्या वर्षी क्लीव्हलंड ८८ विजयांवर पहिला आला, डेट्रॉइट ८७, कॅन्सस सिटी ८२, मिनेसोटा ७०. मिनेसोटाला मागे टाकणं शक्य कोटीतलं आहे. कुणी तुम्हाला कॅन्सस सिटीचा दाखला देईल : २०२३ मध्ये १०६ पराभव, २०२४ मध्ये ८६ विजय आणि प्लेऑफ. ते खरं आहे. पण त्यांच्याकडे बॉबी विट ज्युनियर होता, आणि त्या हिवाळ्यात त्यांनी सेथ लूगो, मायकल वाका असे तयार स्टार्टर (सामन्याची सुरुवात करणारे पिचर) विकत घेऊन एकूण दहा कोटी डॉलरहून अधिक खर्चाचे करार केले. तशी खरेदी व्हाइट सॉक्सने केलेली नाही. नुसत्या तरुणांच्या जोरावर वर्षात तीस विजय वाढत नाहीत.

आता तुमची खरी शंका : पुन्हा तेच होतंय का? त्यासाठी मागची पुनर्बांधणी का कोसळली हे नीट बघायला हवं. तिची सुरुवात उत्तम होती. डिसेंबर २०१६ मध्ये ख्रिस सेल बॉस्टनला देऊन योआन मोन्काडा आणि मायकल कोपेक आणले. अॅडम ईटन वॉशिंग्टनला देऊन लुकास जिओलिटो, रेनाल्डो लोपेझ आणि डेन डनिंग आणले. २०१७ च्या जुलैमध्ये होसे किंताना शहरातल्याच कब्जला देऊन एलॉय हिमेनेझ आणि डिलन सीझ मिळवले. हे सगळे मोठ्या लीगमध्ये खेळले. त्यांतले हिमेनेझ आणि मोन्काडा, शिवाय क्यूबाहून आणलेला लुईस रॉबर्ट, अशा तिघांना लांबचे करार देऊन बांधूनही ठेवलं. २०२१ चा तुम्ही पाहिलेला संघ यातूनच उभा राहिला होता. म्हणजे खेळाडू निवडण्यात फार मोठी चूक नव्हती.

चूक पुढच्या पायरीवर झाली. गाभा तयार झाल्यावर भोवतीच्या जागा पैसे टाकून भरायच्या असतात, त्या भरल्याच नाहीत. राइट फील्ड, म्हणजे उजवीकडची सीमेजवळची जागा, वर्षानुवर्षं पक्क्या खेळाडूविना राहिलं. तिथे आणि लेफ्ट फील्डमध्ये अँड्र्यू वॉन, गॅव्हिन शीट्स असे मूळचे फर्स्ट बेसमन उभे केले. सेकंड बेसवरचा निक मॅड्रिगल क्रेग किंब्रेलसाठी देऊन टाकला, आणि ती जागाही उघडी पडली. गाभ्यातल्या फलंदाजांना दुखापती झाल्या तेव्हा खाली मायनर लीगमध्ये, म्हणजे क्लबच्या खालच्या पायऱ्यांवरच्या संघांत, त्यांची जागा घेणारं कुणी नव्हतं. २०२१ मध्येच हिमेनेझ आणि रॉबर्ट दोघेही कित्येक महिने बाहेर होते. त्या वर्षी दुबळ्या विभागामुळे निभावून गेलं. पुढच्या वर्षी ८१ विजय, आणि तिथून कडा कोसळला.

तेव्हा यंदा संघाकडे बघताना ताऱ्यांपेक्षा दुसरी फळी मोजा. एखादा नियमित खेळाडू महिनाभरासाठी जायबंदी झाला की त्याच्या जागी कोण येतो? शार्लटहून म्हणजे ट्रिपल-ए या मायनर लीगच्या सगळ्यात वरच्या पायरीवरच्या संघातून चोवीस-पंचवीस वर्षांचा, आपलाच घडवलेला मुलगा येतो, की दुसऱ्या क्लबने सोडून दिलेला तेहतिशीचा गडी? पहिलं वारंवार घडू लागलं तर ही पुनर्बांधणी मागच्यापेक्षा खोल आहे असं समजा. खुणा आतापर्यंत बऱ्या आहेत. गॅरेट क्रोशेला डिसेंबर २०२४ मध्ये बॉस्टनला दिलं तेव्हा खूप आरडाओरड झाली, पण बदल्यात आलेल्या चौघांपैकी कॅचर काइल टील आणि इनफिल्डर चेस मीड्रॉथ गेल्याच वर्षी नियमित झाले. तिसरा, आउटफिल्डर ब्रेडन मॉन्टगोमेरी, डबल-ए या त्याखालच्या पायरीपर्यंत पोचला. शेन स्मिथ तर रूल ५ ड्राफ्टमधून आला. या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्लबने राखीव यादीत न ठेवलेला खेळाडू एक लाख डॉलरला घेता येतो, अट एवढीच की त्याला मोसमभर मुख्य संघात ठेवावं लागतं, नाहीतर परत देऊ करावा लागतो. स्मिथ पहिल्याच वर्षी ऑल-स्टार झाला. चांगला संघ असं धाडस करू शकत नाही, त्याच्याकडे शिकाऊ पिचरला मोसमभर सांभाळायला जागाच नसते. हरणाऱ्या संघाला असलेला हा एक खरा फायदा आहे, आणि तो क्लबने वापरला.

पिचिंगची काळजी मात्र रास्त आहे. सीझच्या बदल्यात सॅन डिएगोकडून आलेल्या ड्रू थॉर्पच्या कोपरावर २०२५ च्या मार्चमध्येच शस्त्रक्रिया करावी लागली. तरुण पिचरांतले निम्मे कधी ना कधी असे अडतात असं धरून चालावं. म्हणून नोआ शुल्ट्झ आणि हेगन स्मिथ या दोन डावखुऱ्यांवर सगळी भिस्त ठेवू नका. दोघांच्याही बाबतीत वेगापेक्षा वॉक मोजा. त्यांनी शंभर बॅटरांमागे बारा-तेरा जणांना फुकट बेस दिला तर ते मोठ्या लीगसाठी तयार नाहीत. नऊ-दहाच्या खाली आले तर दार ठोठावताहेत. मायनर लीगचे आकडे वाचताना मैदानाचं भान ठेवा. शार्लटचं मैदान लहान आहे, तिथे होमरन स्वस्तात पडतात, त्यामुळे तिथल्या बॅटरचे आकडे थोडे कापून घ्या आणि पिचरला थोडी सवलत द्या. बर्मिंगहॅमला, म्हणजे डबल-एमध्ये, उलट आहे.

एप्रिलमध्ये कुणी चांगला तरुण शार्लटला ठेवला म्हणून रागावण्याआधी कारण समजून घ्या. आयपीएलमध्ये मोठ्या लिलावात संघ दोन दिवसांत नव्याने बांधता येतो. इथे क्लबचा खेळाडूवर साधारण सहा वर्षांचा हक्क असतो आणि सगळं राजकारण त्या वर्षांच्या मोजणीवर चालतं. मोठ्या लीगमध्ये १७२ दिवस भरले की एक वर्ष धरलं जातं, आणि मोसम असतो सुमारे १८६ दिवसांचा. म्हणजे दोन-अडीच आठवडे उशिरा बोलावलं की त्या वर्षाचं ‘पूर्ण वर्ष’ होत नाही आणि क्लबला शेवटी एक जादा वर्ष मिळतं. हे खेळाडूवर अन्याय करणारं आहे, असंच आमचं मत आहे. त्याला आळा घालायला २०२२ च्या करारात नियम आले : सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात पहिल्या दोघांत आलेल्याला पूर्ण वर्ष मिळतं, आणि वरच्या यादीतल्या नवोदिताला सुरुवातीपासून खेळवणाऱ्या क्लबला जादा ड्राफ्ट क्रमांक मिळू शकतो. तरी ही चाल अजून खेळली जाते. एप्रिल उलटून मेअखेरपर्यंतही एखादा तयार मुलगा खालीच असेल, तर मग जाब विचारायला हरकत नाही.

याच मोजणीतून आणखी एक व्यवहारी गोष्ट निघते. जर्सी घ्यायची असेल तर कोल्सन मॉन्टगोमेरीची किंवा टीलची घ्या. दोघेही २०२५ च्या मध्यावर आले, त्यामुळे मधे ट्रेड झाला नाही तर ते २०३१ च्या मोसमापर्यंत क्लबच्या ताब्यात आहेत. मुनेताका मुराकामीचा करार दोन वर्षांचा आहे, ३ कोटी ४० लाख डॉलरचा. तो चालला आणि संघ मात्र रेंगाळला, तर २०२७ च्या जुलैपर्यंत त्याला कुठल्यातरी जिंकणाऱ्या संघाला देऊन बदल्यात तरुण खेळाडू घेतील, हे गृहीत धरा. त्याच्यावर जीव जरूर लावा, पण हे माहीत असू द्या.

मुराकामीबद्दल लोक दोन टोकांना बोलताहेत. २०२२ मध्ये त्याने जपानमध्ये ५६ होमरन मारले आणि तिहेरी मुकुट (सरासरी, होमरन आणि मिळवून दिलेल्या धावा या तिन्हींत पहिला) मिळवला, तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. नंतरच्या वर्षांत त्याचे स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद होणं) फार वाढले, आणि इथला सरासरी फास्टबॉल ताशी १५० किलोमीटरच्या पुढचा, जपानपेक्षा वेगवान. म्हणून पिचर त्याला छातीच्या उंचीवर, आतल्या बाजूला वेग देऊन बघणार, आणि पहिले काही आठवडे तो चेंडू त्याला सापडणार नाही. होमरन मोजत बसू नका, ते लहरी असतात. स्ट्राइकआउटचं प्रमाण सगळ्यात लवकर खरं बोलायला लागतं, साधारण साठ वेळा बॅटिंगला आल्यावर, म्हणजे पहिल्या दोन-अडीच आठवड्यांत. वॉकच्या प्रमाणाला १२० वेळा लागतात. फलंदाजीची सरासरी मात्र पूर्ण मोसमातही स्थिर होत नाही, ती विसराच. लीगमध्ये शंभरांत बावीस वेळा स्ट्राइकआउट होतात आणि आठ-नऊ वेळा वॉक मिळतो. मुराकामी तीसच्या आसपास स्ट्राइकआउट होऊन बारा-तेरा वॉक घेत असेल तर तो उत्तम चाललाय, सरासरी .२२० दिसली तरी. पस्तिशीच्या पुढे जाऊन वॉक आठवर आले, तर काळजी करा.

हाच मोजपट्टीचा नियम कोल्सन मॉन्टगोमेरीला लावा. त्याने गेल्या वर्षी ४ जुलैपासून ७१ सामन्यांत २१ होमरन मारले, आणि तो शॉर्टस्टॉप आहे. त्याच वर्षाच्या वसंतात त्याचा स्विंग इतका बिघडला होता की शार्लटहून काढून त्याला अॅरिझोनाला स्वतंत्र सरावासाठी पाठवलं होतं. आता सगळ्या पिचरांकडे त्याच्या हिवाळाभर अभ्यासलेल्या चित्रफिती आहेत. त्याला खाली वाकणारे ब्रेकिंग बॉल जास्त मिळतील. मेमध्ये तो तीन आठवडे अडखळला तर घाबरू नका. दुसऱ्या वर्षी पिचर आधी बदलतात आणि मग बॅटर बदलतो, हे जवळजवळ ठरलेलं आहे. बघायचं ते हे की सोडून द्यायचे चेंडू तो जूनपर्यंत सोडायला लागतो का.

ड्राफ्टच्या पहिल्या नंबराचं थोडक्यात सांगतो. १२१ पराभव होऊनही २०२५ मध्ये व्हाइट सॉक्सला दहाव्या क्रमांकावर निवड करावी लागली, कारण लीगच्या महसूल-वाटपात पैसे देणाऱ्या क्लबला सलग दोन वर्षं लॉटरीतला, म्हणजे सोडतीने ठरणारा वरचा, क्रमांक मिळत नाही. यंदा लॉटरी लागली, आनंद आहे. पण ह्यूस्टनला २०१२, २०१३, २०१४ असा सलग तीन वर्षं पहिला नंबर मिळाला, त्यांतला त्यांच्या कामी आला एकटा कार्लोस कोरेया, तोही २०१५ मध्ये. व्हाइट सॉक्सने यापूर्वी दोनदा पहिला नंबर वापरला : १९७१ मध्ये निवडलेल्या डॅनी गुडविनने सहीच केली नाही, १९७७ चा हॅरॉल्ड बेन्स हॉल ऑफ फेममध्ये गेला. जुलैमध्ये जो निवडला जाईल तो २०२८ च्या आधी तुम्हाला मैदानावर दिसेल असं धरू नका.

राहिली ती काळजी, जी आम्हालाही सगळ्यात मोठी वाटते. मालक जेरी राइन्सडॉर्फ १९८१ पासून आहेत आणि क्लबने आजवर दिलेला सगळ्यात मोठा करार अँड्र्यू बेनिन्टेंडीचा, साडेसात कोटी डॉलरचा. क्रोशेला बॉस्टनने १७ कोटींना बांधून घेतलं, इथे ते झालं नसतं. जनरल मॅनेजर ख्रिस गेट्झ २०१६ पासून खेळाडू घडवण्याच्या विभागाचे प्रमुख होते, म्हणजे पहिल्या पुनर्बांधणीतलेच. जस्टिन इश्बिया यांच्याकडे मालकी जाण्याचा करार झाला आहे, पण राइन्सडॉर्फ यांना विकायचा अधिकार २०२९ पासून आहे, आणि इश्बिया यांना घ्यायचा अधिकार २०३४ च्या मोसमानंतर. तोवर पैशांची गाठ सुटेल का, हा प्रश्न यंदाच्या मैदानावर सुटणार नाही. त्याची कसोटी मोसम संपल्यावर लागेल : क्लब दोन तयार स्टार्टर आणि एक खरा राइट फील्डर विकत घेतो का? त्यात एक अडचण आहे. खेळाडू संघटनेबरोबरचा करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो. मालकांनी टाळेबंदी केली तर २०२१-२२ च्या हिवाळ्यासारखे सगळे व्यवहार गोठतील. म्हणून खरेदीसाठी नोव्हेंबरकडे लक्ष ठेवा, आणि डिसेंबरात शांतता दिसली तर लगेच क्लबला दोष देऊ नका.

झोपेचं बोलायचं तर बायकोचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. मोसमात शिकागो आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं. संध्याकाळी ६:४० चा सामना इथे पहाटे ५:१० ला सुरू होतो. दुपारी १:१० चे सामने, बहुतेक रविवारी आणि कधी बुधवार-गुरुवारी, इथे रात्री ११:४० ला. पश्चिम किनाऱ्यावरचे रात्रीचे सामने सकाळी साडेसात-पावणेआठला येतात, ते चहाबरोबर होतात. १६२ पैकी सगळे बघायची गरज नाही. चांगला संघही साठ सामने हरतो, त्यामुळे एकेका पराभवासाठी उठणं हा तोट्याचा सौदा आहे. आठवड्याला दोन सामने पूर्ण बघा, बाकीचे काटछाट केलेल्या चित्रफितीत दहा-पंधरा मिनिटांत उरकतात. पूर्ण बघायचे सामने स्टार्टर पाहून निवडा. क्लब पुढच्या दोन-तीन दिवसांचे स्टार्टर आधी जाहीर करतो आणि तोच पिचर पाच-सहा दिवसांनी परत येतो. शेन स्मिथच्या पाळीचा दिवस एकदा सापडला की पुढच्या महिन्याभराचे गजर लावता येतात. एखादा दिवस पावसाने किंवा सुट्टीने सरकतो, म्हणून आदल्या रात्री एकदा खात्री करून घ्या.